सुतकात काढून ठेवलेली घंटा

नाव : कालिंदी हंबीरराव इंगवले. वय : छत्तीस. धंदा : काही नाही. राहणार : मंगळवार पेठ, तालमीच्या मागे, कोल्हापूर. तारीख : ११ डिसेंबर १९५३.

धंदा या ठिकाणी लिहिणाऱ्यांनी आधी 'घरकाम' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. माळ्यावरून पडल्यापासून सात वर्षे मी अंथरुणावर आहे. कमरेखालचे अंग असून नसल्यासारखे. घरकाम करता आले असते तर हा जबाब द्यायची पाळीच आली नसती. मी सातवी पास आहे, मला लिहिलेले वाचता येते, तेव्हा सांगेन तेच लिहावे अशी हवालदार आकाराम यांना विनंती केली आहे.

ठाण्याच्या पडवीत माझी बाज ठेवली आहे. तिच्यावर पडूनच, पुऱ्या शुद्धीवर आणि कुणी पढवलेले नसताना, मी पुढे सांगते ते खरे म्हणून लिहून देते की,

माझे मालक हंबीरराव तीन वर्षांपूर्वी तापाने वारले. मला मूलबाळ नाही. घर दोघा भावांचे. थोरले दीर गणपतराव हे गुळाच्या अडतीत दिवाणजी आहेत, त्यांच्या कुटुंबाचे नाव विमला. माझे सगळे करायला चिमणाबाई म्हणून बाई आहे. ती माझ्या माहेरच्या बाजूची, शाहूवाडीकडची, विधवा. मी पडले तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. परवा तिला तुमच्या शिपायांनी आमच्या परसातून धरून आणली. गणपतरावांनी फिर्याद दिली की, तिने माझ्या बाजेखाली पेटती शेगडी सारून ठेवली आणि मला टाकून बाहेर गेली, त्यामुळे मी भाजले. ही फिर्याद खोटी आहे. चिमणाबाईला सोडावे म्हणून मी इथे आले आहे.

मी इथे कशी आले तेही लिहा, कारण उद्या घरचे म्हणतील की तिला कुणीतरी पळवून नेली. तालमीच्या चार पैलवानांनी माझी बाज खांद्यावर घेतली. मीच त्यांना घ्या म्हणून सांगितले. रस्त्याने माणसे बाजूला होऊन हात जोडू लागली, एका म्हाताऱ्याने तर पायताण काढले. मी हात वर करून 'अजून जिवंत हाय' म्हणून सांगितले, तेव्हा पैलवानांना हसू आवरेना आणि बाज हिंदकळायला लागली. सात वर्षांनी रस्ता बघितला तो असा.

हवालदार साहेबांनी विचारले की, बाई, तुम्ही नुसती हाक का मारली नाही. हिंडत्याफिरत्या माणसाला हे फार सोपे वाटते. पडल्यावर सुरुवातीला मी हाकच मारत होते, आणि आवाजही माझा चांगला खणखणीत होता. पण अंथरुणावरचे माणूस हाक मारते ती बहुतेक एकाच कामासाठी. मला भांडे पाहिजे हे सगळ्या गल्लीला कळायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, जरा हळू. हळू मारली तर चिमणाबाईला ऐकू जाईना, कारण तिची खोली परसात, म्हशीच्या गोठ्याला लागून. पुढे मला फुप्फुसाचे दुखणे झाले आणि तो प्रश्नच मिटला. आता माझा आवाज खोलीच्या दारापर्यंत जातो आणि तिथेच बसतो.

मग नाना उद्योग झाले. तांब्या भिंतीवर आपटून पाहिला, तर गिलावा माझ्याच तोंडावर पडला. सुंभाची दोरी खिडकीतून नेऊन चिमणाबाईच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. एकदा मी ती ओढली तेव्हा बया ताकाची चरवी घेऊन उठत होती, बाई आणि ताक दोन्ही परसात आडवे झाले. बैलाच्या गळ्यातली घाटी आणली, तर ती वाजली की म्हैस वैरण आली समजून हंबरायची आणि रेडकू दावे ओढायचे. मीही हसले आहे, नाही कशाला म्हणू. पण हसून झाल्यावर तहान लागलेलीच असायची.

शेवटी मालकांनी देव्हाऱ्यातली जुनी घंटा आणली. गणपतराव नको म्हणत होते. देवाची घंटा भांड्याशेजारी टांगायची म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे होते. मालकांनी देवांना नवी घंटा विकत आणली आणि जुनी माझ्या उशाशी अडकवली. ते म्हणाले, "देवाला ऐकू जातीया का न्हाय ठावं न्हाय, पण चिमणाबाईला जातीया की." तेव्हापासून मी वाजवली आणि ती आली नाही, असे झालेले मला आठवत नाही. पाण्याचा घोट तोंडाशी यायला मला दुसऱ्याचे पाय लागतात. ते पाय बोलावता आले तर मी माणूस, नाही तर बोचके. मालक गेले तरी घंटा होती म्हणून त्या घरात मी माणसासारखी राहिले.

गेल्या महिन्याच्या अखेरीस गणपतरावांचे कुरुंदवाडचे चुलते, तात्या, वारले. आम्हाला सुतक आले. सुतकात पूजा बंद, घंटा बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गणपतराव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तेवढी घंटा काढून ठेवली पाहिजे. मी म्हटले, ही आता देवाची कुठे राहिली, देवाला नवी आणली ना. ते म्हणाले, एकदा देवापुढे वाजली ती देवाचीच. त्यांच्या धाकट्या मुलीच्या अंगात तेव्हा ताप होता. सुतकात घरात घंटा वाजली आणि पोरीचे काही बरेवाईट झाले तर, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून मीही ताणून धरले नाही. जुनी आणि नवी, दोन्ही घंटा देवांबरोबर फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मला त्याऐवजी एक पितळी पेला दिला. हा बाजेच्या लाकडावर वाजव म्हणाले. त्याचा आवाज उखळात मुसळ टाकल्यासारखा येतो, तो भिंतीपलीकडे जात नाही. आपण काही वावगे करतो आहोत असे घरात कुणालाच वाटले नाही. घंटा काढून झाल्यावर सगळी ओसरीवर चहाला बसली.

चिमणाबाईला तेवढे कळले. त्या दिवसापासून ती माझ्या उंबऱ्यात बसून राहायला लागली. भाकरी तिथेच खायची, जोंधळे तिथेच निवडायची. म्हशीला पाणी दाखवायला गेली तर पदर खोचून पळत जायची आणि पळत यायची. हयगय करणारी बाई अशी वागते काय, हे फौजदार साहेबांनीच ठरवावे.

दिनांक ८ रोजी तात्यांचा दहावा होता. घरची सगळी माणसे सकाळच्या मोटारीने कुरुंदवाडला जायला निघाली. संध्याकाळी परत येतील तेव्हा घर सारवून, कपडे धुऊन तयार पाहिजे, म्हणून जाऊबाईंनी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण गोळा केले आणि चिमणाबाईला पंचगंगेवर जायला सांगितले. माझ्या वाकळा आणि घोंगडेही त्यात गेले. चिमणाबाई जाईना. बाईंजवळ कोण, असे तिने विचारले. जाऊबाई म्हणाल्या, शेजारच्या आक्का डोकावतील. मग चिमणाबाई जे बोलली ते मी पडल्या जागेवरून ऐकले, ते जसेच्या तसे लिहा.

ती म्हणाली, "घंटा तेवढी बाईंच्या हाताशी द्या, मग मी जातो."

जाऊबाई म्हणाल्या, "आजचा दिस कळ काढा. उद्या सुतक फिटलं की देतो की."

चिमणाबाई तरी उभीच होती. तेव्हा गणपतराव ओसरीवरून ओरडले की मोटार चुकेल, सांगितलेले काम करायचे नसेल तर गावाकडची वाट धर. ती माझ्याकडे बघून गेली. मी तिला मानेने जा म्हटले. तसे न म्हणून काय करणार होते, तिलाही पोट आहे.

शेगडीचे सांगते. थंडीने मला खोकला झाला होता. चिमणाबाई शेगडी नेहमी भिंतीकडे ठेवते, बाजेखाली कधी सारत नाही. त्या दिवशी माझ्या अंगावर वाकळ नव्हती, मालकांचे एक जुने धोतर दुहेरी करून पांघरायला घातले होते. जाऊबाई निघता निघता आत आल्या, मला कुडकुडताना बघितले, शेगडीत निखारे घातले आणि ती बाजेखाली सारली. मायेने सारली. त्यांच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही आणि कुणी म्हटले तर मला खपणार नाही. पण सारली त्यांनी, चिमणाबाईने नाही. चिमणाबाई त्याआधीच धुण्याचे बोचके डोक्यावर घेऊन बाहेर पडली होती.

धोतराचा सोगा बाजेखाली लोंबत होता. तो कधी पेटला मला कळले नाही. पायाला कळायचा प्रश्नच नाही. मला आधी वास आला. जुने कापड जळल्याचा वास होता, मला वाटले कुणीतरी गल्लीत चिंध्या जाळत असेल. मग वासात दुसरा वास मिसळला आणि पायथ्याकडून धूर दिसला. माझा पाय जळत होता आणि तो मला धुरावरून कळला. याहून जास्त त्याबद्दल मला सांगता येत नाही.

मी पेला आपटायला लागले. शेजारच्या आक्का डोकावायला म्हणून कुंपणापाशी आल्या. त्यांनी विचारले, काय पायजे बाई. मी आग म्हणाले, पण तो शब्द दारापर्यंतसुद्धा गेला नसेल. आक्कांच्या घरी पुतण्याचे लग्न आहे, देवक बसलेले आहे. देवक बसलेल्या घरची बाई सुतकाच्या घरात पाऊल कशी टाकणार. त्या बाहेरूनच म्हणाल्या, मला आत यायला येत न्हाय, चिमणाबाई यील एवढ्यात. आणि त्या आपल्या घरात गेल्या. त्यांचाही दोष मी धरत नाही. माझा राग कुणावर काढावा हे मला अजून समजलेले नाही. पण राग आहे, आणि तो भरपूर आहे, एवढे लिहून ठेवा.

मी धोतर हाताने ओढून विझवायला लागले. त्यात उजवा हात भाजला. पेला हातातून निसटला आणि गडगडत कोपऱ्यात गेला. आता वाजवायलाही काही राहिले नाही. भिंतीला लागून पलीकडे तालीम आहे. पोरे मेहनत करत होती, त्यांचे हुंकार मला ऐकू येत होते. मला त्यांचे ऐकू येत होते आणि त्यांना माझे येत नव्हते. असा किती वेळ गेला ते मला विचारू नका.

तालमीचे वस्ताद गुंडू, त्यांना वास आला म्हणून पोरे वाचवायला आली. भिंतीवरून उड्या टाकून आत शिरली. पाणी कुठे आहे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून कुस्तीच्या हौद्यातली लाल माती लंगोटावरच ओंजळी भरभरून आणली आणि माझ्या पायावर टाकली. आग विझली. डाव्या पोटरीचे मांस गेले आहे. डॉक्टरांनी पट्टी बांधली आहे, ती फौजदार साहेबांनी पाहिली आहे.

थोड्या वेळाने चिमणाबाई नदीवरून आली. तिने बघितले आणि धुतलेले बोचके चिखलात टाकले. पैलवानांना तिने बाहेर काढले, मला उचलून स्वतःच्या घोंगडीवर घेतले आणि माझ्या अंगावरची माती पुसत बसली. मीच रडत होते.

संध्याकाळी घरची माणसे आली. गणपतराव दारात आले, त्यांनी माझ्या पायाकडे बघितले आणि मान फिरवली. मग त्यांनी चिमणाबाईला विचारले, "गल्लीत कुणी कुणी बघितलं?" कसे झाले हे विचारले नाही. मला त्यांच्या मनातले कळते. विधवा भावजय, घरात तिचा वाटा, आणि घरात कुणी नसताना ती जळते. पेठेत लोक काय बोलतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यांनी मला मारायचा घाट घातला असे मुळीच नाही. पण लोक तसे म्हणायच्या आधी आपण काहीतरी म्हणून टाकावे, म्हणून दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले आणि बिचारीचे नाव लिहून आले. ज्यांना बोलायला तोंड आहे त्यांच्यात तिची गणती नाही.

त्याच दिवशी सुतक फिटले. घंटा घासूनपुसून माझ्या उशाशी परत आली, आणि घंटा ऐकून येणारी बाई तुमच्या कोठडीत गेली. दोन दिवस मी वाजवली की जाऊबाई येतात. हातातले काम टाकून येतात, भांडे देतात आणि भिंतीकडे बघत उभ्या राहतात. मी वाजवायचे कमी केले. पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे वाजवायला नको. दोन दिवसांत मला कळले की, त्या घरात मी आता कशी राहणार आहे.

हवालदार साहेबांनी मला सल्ला दिला की, बाई, तुम्ही 'मला नक्की सांगता येत नाही' एवढेच लिहून द्या, म्हणजे घरात वितुष्ट येणार नाही. त्यांनी भल्यासाठीच सांगितले. मी त्यांना म्हटले, तुमच्या घरी अंथरुणावर कुणी आहे काय. ते नाही म्हणाले. मग मी पुढे सांगायला लागले आणि ते लिहायला लागले.

आज सकाळी गणपतराव अडतीत गेल्यावर मी घंटा हातात धरली आणि वाजवतच राहिले. जाऊबाई आल्या, काय पाहिजे विचारले. मी म्हटले, तुम्ही नकोत. वाजवायचे थांबवले नाही. तालमीतली पोरे भिंतीवर चढून बघायला लागली, मग गुंडू वस्ताद आले. मी त्यांना ठाण्यात न्या म्हटले. ते वयस्क माणूस, त्यांनी जाऊबाईंकडे बघितले. जाऊबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या नाहीत. बाजूला झाल्या आणि मला एवढेच म्हणाल्या, "जातीस तर जा. पण परत कुठं यायचं ते ठरवून जा."

वाटेत मी तेच ठरवत आले. माहेरी एक भाऊ आहे, त्याचे घर डोंगरात, तिथे बाज न्यायला वाट नाही आणि त्याच्याकडे माझे करायला माणूस नाही. दवाखान्यात कायमचे ठेवून घेत नाहीत. म्हणजे मला परत त्याच घरी, त्याच खोलीत जायचे आहे, ज्यांच्याविरुद्ध आज लिहून देते त्यांच्याच हातचे पाणी प्यायला. मला त्याची भीती वाटते. चिमणाबाई बरोबर असेल तर मी जाऊ शकते. ती नसेल तर माझी बाज इथेच पडवीत राहू द्या, मी उठून कुठे जाणार नाही, याची तुम्हाला खात्री आहेच.

घरच्यांशी पूर्वीचे वैर आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. चिमणाबाईने किंवा तालीमवाल्यांनी शिकवले काय, असे विचारल्यावरून सांगते की, चिमणाबाई परवापासून तुमच्या ताब्यात आहे आणि पैलवानांना कुस्तीखेरीज काही शिकवता येत नाही. दीर-जावेवर खटला करावा अशी माझी मागणी नाही. निरपराध बाईला सोडावे एवढीच आहे.

इतके लिहून होईतो मला भांड्याची गरज लागली. सकाळपासून मी दम धरला होता. पैलवान तालमीत गेले आहेत, ठाण्यात सगळे पुरुष. कोणाला सांगावे ते मला सुचेना, आणि सात वर्षांची सवय, माझ्या तोंडून 'चिमणाबाई' अशी हाक गेली. पडवीच्या टोकाला, माझ्या बाजेपासून चार पावलांवर, कोठडी आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. तिथून लगेच आवाज आला, "आलो, बाई." आणि दार हलले. दाराला कुलूप आहे. दार पुन्हा हलले आणि ती पुन्हा म्हणाली, "आलो, आलो." ती अजून तेच म्हणते आहे, सगळ्या ठाण्याला ऐकू जाते आहे.

जबाब पुरा होऊन फौजदार साहेबांनी पाहिल्याशिवाय कुलूप निघणार नाही, असे हवालदार साहेब म्हणतात. सबब मी जबाब इथेच पुरा करते. तो मला वाचून दाखवायला ते लागले आहेत, पण तेवढा वेळ मला थांबवत नाही. लिहिताना ते मोठ्याने म्हणत होते ते मी ऐकले आहे, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि बरोबर आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने करते, ती वेडीवाकडी आली तरी माझीच समजावी. लवकर करा.

(सही, डाव्या हाताची) कालिंदी हंबीरराव इंगवले
समक्ष : आकाराम, हेड कॉन्स्टेबल